वाडा पाडायचा की वाटायचा?

दर वर्षी मे महिना सरत आला की पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांवर महापालिकेच्या नोटिसा लागतात. इमारत धोकादायक आहे, रिकामी करा, उतरवून घ्या. भाडेकरूंना संशय येतो की ही नोटीस मालकानेच आणवली. मालकाला वाटते, आता तरी जागा मोकळी होईल. एखादा विकसक दोघांशीही आधीच बोलून बसलेला असतो. पुढचा क्रम शहराला पाठ आहे. सागवान विकले जाते, माती आणि विटा राडारोडा म्हणून ट्रकमधून जातात, पत्र्याचे कुंपण लागते आणि काही वर्षांनी तिथे खाली गाळे व पार्किंग, वर सदनिका अशी इमारत उभी राहते. वारसाप्रेमी हळहळतात, रहिवासी सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. पण सदनिकाच हव्या होत्या, तर त्या वाड्यातच का झाल्या नाहीत, हे मात्र कोणी विचारत नाही. जो वाडा अजून भक्कम आहे किंवा दुरुस्त होऊ शकतो, त्याचे स्वतंत्र संडास-न्हाणीघर, लिफ्ट आणि मालकीहक्क असलेल्या सदनिकांत रूपांतर करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, रहिवाशांच्या सोयीचे आहे आणि शहराच्या हिताचेही आहे. ते होत नाही, याचे कारण लाकूड किंवा माती नसून आपले नियम आहेत. हे नियम पाडणाऱ्याला मोबदला देतात. राखून बदलणाऱ्याला काहीच देत नाहीत.

वाड्याचे तुकडे करणे म्हणजे वाड्याचा आत्मा घालवणे, असे अनेकांना वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. पेशवाईत एका सरदाराच्या, सावकाराच्या किंवा कारभाऱ्याच्या कुटुंबासाठी बांधलेला वाडा १८१८ नंतर त्याच स्थितीत राहिला नाही. उत्पन्न आटले, कुटुंबे फुटली, कचेऱ्या, शाळा आणि छापखान्यांमुळे शहरात नोकरदार येऊ लागले आणि वाड्यांत बिऱ्हाडे बसली. ओसरीला फळ्या मारून खोल्या झाल्या, माडीवर चूल पेटली, घोड्यांच्या पागेत दुकान आले. विसाव्या शतकात वाडा म्हटले की पुणेकराच्या डोळ्यांसमोर सरदार उभा राहत नसे, तर चौकातल्या नळावर रांग लावणारी दहा-पंधरा बिऱ्हाडे उभी राहत. मोठ्या वाड्यांचीही हीच गत. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये बांधलेल्या विश्रामबागवाड्यात पुढे संस्कृत पाठशाळा, सरकारी कचेऱ्या आणि टपाल कार्यालय आले. नाना फडणवीसांनी १७८० मध्ये बांधलेल्या नानावाड्यात शाळा भरली. लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये विकत घेतलेला गायकवाड वाडा ‘केसरी’चे घर झाला. सव्वाशे-दीडशे वर्षे वाडे वाटले जात आहेत आणि वापर बदलत टिकले आहेत. अर्धवट झालेली ही वाटणी नीट, कायदेशीरपणे आणि आधुनिक सोयींसह पूर्ण करणे एवढेच आता उरले आहे.

वाड्याची रचना या कामाला अनुकूल आहे. वाडा खणांच्या मापाने बांधलेला असतो. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि खोली दोन खणांची की तीन खणांची यावरून तिचा आकार ठरतो. खांब, तुळया आणि त्यांवरची कडीपाटाची जमीन हा लाकडी सांगाडा बराचसा भार वाहतो. त्यामुळे खोल्यांमधल्या हलक्या आडभिंती काढता-घालता येतात. हिशेबासाठी ५०० चौरस मीटरचा भूखंड आणि त्यावरचा दुमजली वाडा धरू. पाचवा हिस्सा चौकात मोकळा सोडला तरी प्रत्येक मजल्यावर ४०० चौरस मीटर, म्हणजे एकूण ८०० चौरस मीटर बांधकाम होते. भूखंडाच्या १.६ पट. जाड भिंती, जिने, लिफ्ट आणि सामायिक जागेसाठी चौथा हिस्सा वजा केला तर ६०० चौरस मीटर उरतात. त्यात प्रत्येकी ५० चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे ५४० चौरस फुटांच्या बारा सदनिका बसतात. दहा बाय दहाच्या दोन खोल्यांत आयुष्य काढलेल्या कुटुंबाला ही जागा लहान वाटणार नाही. शिवाय चौकामुळे प्रत्येक घराला दोन बाजूंनी हवा आणि उजेड मिळतो. शेजारच्या इमारतीला खेटून उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीत हे सुख क्वचितच असते. वाडा म्हणजे ऐसपैस, जागा वाया घालवणारी वास्तू हा समज या हिशेबापुढे टिकत नाही. उंची न वाढवता दाट वस्ती सामावून घेण्याची ही पद्धत होती.

मग हे होत का नाही? पहिले कारण भाडे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणे गरजेचे होते, पण तात्पुरती म्हणून आलेली ही व्यवस्था अर्धशतकाहून अधिक टिकली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पण मूळ आकडाच नगण्य असेल तर चार टक्क्यांनी काय होणार? २००० साली महिना ५० रुपये भाडे असेल, तर दर वर्षी न चुकता चक्रवाढीने वाढ करूनही पंचवीस वर्षांनी ते १३३ रुपयांच्या आसपास पोचते. बारा बिऱ्हाडांचे वर्षाचे मिळून एकोणीस-वीस हजार रुपये. एवढ्यात गळकी कौले शाकारून होतील, वाळवी लागलेली तुळई बदलता येणार नाही. मुंबईच्या शहर भागात याच समस्येवर १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. आज ते म्हाडाच्या छत्राखाली आहे. त्या मंडळाच्या कामाबद्दल तक्रारी कितीही असोत, निदान दुरुस्तीसाठी कोणीतरी जबाबदार आहे हे तत्त्व तिथे मान्य झाले. पुण्याच्या वाट्याला गोठलेली भाडी आली, दुरुस्तीची यंत्रणा आली नाही. वाडे म्हातारपणाने मोडकळीस आले असे आपण म्हणतो. खरे तर सत्तर वर्षे त्यांच्यावर कोणी पुरेसा खर्चच केला नाही.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. आपल्या विकास नियमावलीत जमिनीची किंमत तिच्यावर किती बांधता येईल यावर ठरते. वाडा पाडला की मूळ एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) मिळतो, भाडेकरूंच्या पुनर्वसनापोटी जादा क्षेत्र मिळते, वर टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) आणि अधिमूल्य भरून आणखी काही चढवता येते. वाडा राखून त्यात स्वच्छतागृहे, लिफ्ट आणि नवी वायरिंग केली तर यांपैकी काहीही पदरात पडत नाही. मालकाने तरी तसे का करावे? नियमांचा कल माणसांचे निर्णय कसा ठरवतो याचे एक उदाहरण ब्रिटनमध्ये दिसते. लंडनच्या अनेक भागांत जॉर्जियन आणि व्हिक्टोरियन काळातली मोठी घरे आतून विभागून त्यांच्या सदनिका झाल्या आहेत आणि लाखो माणसे त्यांत राहतात. तरीही तिथले वास्तुरक्षक वर्षानुवर्षे एक तक्रार करत आले आहेत : नव्या घराच्या बांधकामावर मूल्यवर्धित कर शून्य टक्के, तर जुन्या घराच्या सर्वसाधारण दुरुस्तीवर २० टक्के. मात्र एका घराची अनेक घरे करायची असतील तर तिथे हाच दर ५ टक्के होतो. म्हणजे घरांची संख्या बदलणारे रूपांतर ही करआकारणीत वेगळी ओळख असलेली गोष्ट आहे आणि तिला सवलत आहे. आपल्याकडे ‘दुरुस्ती’ आहे, ‘पुनर्विकास’ आहे. या दोहोंमधली जागा नियमावलीत जवळजवळ रिकामी आहे. जे वाडे महापालिकेच्या वारसा यादीत आहेत त्यांच्यावर बंधने आहेत. जे यादीत नाहीत, आणि राहते वाडे बहुतांश असेच आहेत, त्यांच्यासाठी पाडण्याखेरीज वाटच आखलेली नाही.

यावर पहिला आक्षेप रहिवाशांचा असेल आणि तो सर्वांत आधी ऐकला पाहिजे. वाड्याचे कौतुक करणारे बहुतेक जण वाड्यात राहत नाहीत. रात्री अंगणापलीकडच्या सामायिक संडासात जावे लागणे, गुडघे दुखत असताना अंधाऱ्या दगडी जिन्याने माडी चढणे, पावसाळ्यात भांडी मांडून गळती झेलणे, यांत काव्य नाही. अशा माणसांना ‘वारसा जपा’ सांगणे हा उद्धटपणा आहे. पण रूपांतराची मागणी हा उपदेश नाही. या त्रासांवरचाच तो उपाय आहे. त्यातली खरी अडचण पाण्याची आहे. कडीपाटाच्या लाकडी जमिनीवर न्हाणीघर बांधले की पाणी झिरपते, लाकूड कुजते आणि दहा वर्षांत खालचे घर धोक्यात येते. आजवर वाड्यांत झालेल्या हौशी सुधारणांनी हेच नुकसान केले आहे. म्हणून ओल्या जागा लाकडी सांगाड्याबाहेर काढायच्या. परसात किंवा मागच्या चौकाला लागून स्वतंत्र पायावर काँक्रीटचा वा पोलादी गाळा उभा करायचा, त्यात प्रत्येक मजल्यावर एकावर एक येतील अशी न्हाणीघरे, संडास आणि स्वयंपाकघराचे ओटे घ्यायचे, शेजारी लिफ्ट आणि दुसरा जिना बसवायचा. वरच्या टाक्यांचे वजनही याच गाळ्यावर जाईल. मूळ वाड्यात मग कोरड्या खोल्याच उरतात आणि लाकडाला कोरडेपणाच हवा असतो. दोन घरांमधल्या आवाजाचा प्रश्नही सुटतो. फळ्यांवर ध्वनिरोधक थर आणि खालून दुहेरी छत यांनी पावलांचा धडधडाट बराच कमी होतो. सोयीच्या बाबतीत नव्या सदनिकेने जे द्यायचे, ते सगळे इथे देता येते.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. तो खोटा नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांत वाडेच्या वाडे बसले. दगडी जोत्यावरच्या कच्च्या विटांच्या आणि मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड, जड दगडमातीच्या भिंतींनी हजारो माणसांचे बळी घेतले. आगीचा इतिहास तर वाड्यांच्या इतिहासाइतकाच जुना आहे : १८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला, १८७९ मध्ये बुधवारवाडा भस्मसात झाला आणि त्याच वेळी विश्रामबागवाड्याचा एक भागही जळाला. पण प्रत्येक धोक्याचे स्वरूप पाहिले की त्यावरचा उपायही दिसतो. पुराच्या पातळीखाली येणाऱ्या मातीच्या भिंती पक्क्या विटांनी बदलता येतात. भूकंपात भिंत सांगाड्यापासून सुटून पडते, म्हणून ती पोलादी पट्ट्यांनी सांगाड्याला बांधून घेता येते. आगीबाबत लोकांच्या मनातले चित्र थोडे चुकीचे आहे. जाड सागवानी तुळई काडीसारखी भडकत नाही. तिचा बाहेरचा थर मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर या गतीने कोळसा होत जातो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाचे काही काळ रक्षण करतो. खरा धोका पातळ फळ्या, सांदीत साठलेले सामान, उघड्या वायरी आणि एकच अरुंद जिना यांचा असतो. हे चारही दोष रूपांतरात दूर होतात. वाडा आहे तसा ठेवण्यात मात्र होत नाहीत. आणि जो वाडा खरोखरच वाचण्यापलीकडे गेला आहे, तो उतरवावा. त्याबद्दल वाद नाही. धोकादायक इमारतींच्या वर्गीकरणात रिकामी करून पाडायच्या, रिकामी करून दुरुस्त करायच्या आणि न हलता दुरुस्त होणाऱ्या अशा पायऱ्या आधीच आहेत. अडचण एवढीच की पाडण्यात सर्वांचे पैसे असतील, तर प्रत्येक वाडा पहिल्या वर्गात ढकलण्याचा मोह होणारच.

नियमांशिवाय केलेली वाटणी किती घातक ठरते, याचाही पुरावा आपल्याकडे आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मुंबईच्या काळा घोडा परिसरातली एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल. इंग्लंडमध्ये ओतलेल्या लोखंडी भागांचा सांगाडा जोडून १८६० च्या दशकात उभी राहिलेली ही इमारत. १८९६ मध्ये लुमिए बंधूंचे चलत्चित्र भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथेच. हॉटेल बंद झाल्यावर तिचे खोलीखोलीने तुकडे झाले, पोटमाळे चढले, कचेऱ्या आणि बिऱ्हाडे कोंबली गेली. भाडे नगण्य, मालकीचा आणि दुरुस्तीचा वाद अखंड. २०१९ मध्ये ती धोकादायक ठरवून रिकामी करावी लागली आणि ती पाडावी की वाचवावी यावर तज्ज्ञांचीच मते विभागली. या उदाहरणावरून मोठी इमारत वाटूच नये असा निष्कर्ष निघत नाही. भार किती, कोणी काय बदलायचे, सामायिक खर्च कोणी द्यायचा हे न ठरवता वाटली तर इमारत मरते, एवढे मात्र ती सांगते. पुण्यातले वाडेही याच बेशिस्त वाटणीने जर्जर झाले. म्हणून रूपांतर हवे ते अभियंत्याच्या आराखड्यासह, भारमर्यादेसह आणि रहिवाशांच्या नोंदणीकृत संस्थेसह.

तिसरा आक्षेप नगरनियोजनाचा आहे. शहराला घरे हवी आहेत. मध्यवस्तीत दुमजली वाडे राखून कसे भागेल? वर मांडलेला हिशेब याचे अर्धे उत्तर देतो, कारण वाडा मुळातच दाट आहे. उरलेले अर्धे उत्तर नव्या इमारतीच्या पोटात आहे. तिचा तळमजला गाड्यांना जातो, पुढचा भाग गाळ्यांना जातो, आणि वरची विक्रीयोग्य घरे मूळ रहिवाशांच्या ऐपतीपलीकडची असतात. पेठांतले रस्ते बैलगाडीच्या आणि पालखीच्या मापाचे आहेत. त्यांवर दर भूखंडामागे गाड्यांची भर घालून शहर कोणते प्रश्न सोडवते, हे रोज संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर दिसते. सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडई ही भुयारी मेट्रो स्थानके सुरू झाली आहेत. स्थानकापासून चालत पाच-दहा मिनिटांवर असलेल्या घराला पार्किंगची सक्ती करणे हे जुन्या काळाचे नियोजन झाले. रूपांतरातून मिळणारी घरे पाडून बांधण्यापेक्षा काहीशी कमी असतील, हे मान्य. पण जे बांधकाम इथे होणार नाही त्याचा हक्क टीडीआरच्या रूपाने रुंद रस्त्यांच्या आणि मेट्रोमार्गालगतच्या भागात वापरता येतो. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीने हे तत्त्व स्वीकारले. २०१७ मध्ये जागतिक वारसा शहर ठरलेल्या अहमदाबादेत पोळांमधल्या, म्हणजे जुन्या गल्लीवस्त्यांमधल्या, घरांच्या मालकांनाही विकता येणारे विकास हक्क देण्याची सोय आहे. घरांची संख्या शहरभर मोजायची असते. ती प्रत्येक भूखंडावर वसूल करण्याचा हट्ट कशासाठी? पर्यावरणाचा हिशेबही याच बाजूने पडतो. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सात-आठ टक्के मानला जातो, आणि उभे असलेले जोते, भिंती, तुळया हे आधीच खर्ची पडलेले साहित्य आहे.

चौथा आक्षेप सामाजिक आहे आणि तो टाळणारा युक्तिवाद अपुरा राहील. वाडे म्हणजे पेशवाईतल्या उच्चवर्णीयांचे आणि सरदारांचे वैभव. त्यांच्यासाठी सार्वजनिक सवलती कशाला? स्मारकांबाबत हा प्रश्न विचारायलाच हवा. पण राहत्या वाड्यांबाबत वस्तुस्थिती वेगळी आहे. आज तिथे राहणाऱ्यांत निवृत्त कारकून, शिक्षक, छोटे दुकानदार, कारागीर यांची कुटुंबे आहेत, आणि अनेक मालकही नावाचेच मालक आहेत. शिवाय वाड्यांचा इतिहास एका जातीचा किंवा एका दरबाराचा नाही. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली ती भिडेवाड्यात. कसब्याच्या तांबट आळीत तांबटांची घरे हीच त्यांची कार्यशाळा होती. रविवार आणि भवानी पेठेत व्यापाऱ्यांच्या घरांखाली पेढ्या होत्या. भिडेवाड्याचा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला, मूळ वास्तू मोडकळीस येत गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती पाडून स्मारकाचा मार्ग मोकळा झाला. स्मारक उभे राहायलाच हवे. पण वेळेवर निर्णय न घेतल्याने मूळ भिंती गेल्या, हेही लक्षात ठेवायला हवे. प्रत्येक वाड्याचे संग्रहालय करणे कोणत्याही महापालिकेला परवडणार नाही. सार्वजनिक मालकीच्या चार-दोन वाड्यांवर खर्च होतो आणि शेकडो राहते वाडे वाऱ्यावर सोडले जातात, ही आजची विषमता आहे. माणसे राहत राहिली तरच एवढ्या वास्तू टिकू शकतात.

उरतो मालकीचा गुंता. एका वाड्याच्या उताऱ्यावर पंधरा-वीस वारस, त्यांतले काही परदेशी, काहींचा ठावठिकाणा नाही, आणि खाली संरक्षित भाडेकरू. गोव्यातही मोठ्या जुन्या घरांची हीच अवस्था आहे. तिथल्या नागरी कायद्यात वारसांचा हिस्सा सक्तीचा असल्याने एकेका घरावर अनेकांचे अविभक्त हक्क साचत जातात. असा गुंता फक्त विकसकच सोडवू शकतो, कारण तो सगळ्यांना रक्कम वाटतो, असे मानले जाते. पण अविभक्त हिश्श्यांचे निश्चित घरांत रूपांतर करण्याचे साधन आपल्याकडे १९७० पासून आहे. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याने इमारतीतल्या प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र मालकी आणि जमिनीत व सामायिक भागांत ठरावीक हिस्सा देता येतो. भाडेकरूला त्याच्या हक्काच्या क्षेत्राइतकी सदनिका मालकीने, वारसांना उरलेल्या सदनिका किंवा त्यांच्या विक्रीची रक्कम, आणि टीडीआरचे उत्पन्न दुरुस्तीच्या खर्चात : वाटणीचे हे सूत्र पुनर्विकासाच्या सूत्रापेक्षा अवघड नाही. भाडेकरूला तात्पुरते हलवण्याची तरतूदही भाडे नियंत्रण कायद्यात आहे; दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून घेऊन नंतर परत देणे कायद्याला अपरिचित नाही. फरक इतकाच की इथे नफ्याचा मोठा वाटा बाहेरच्या माणसाकडे न जाता वाड्यातच राहतो.

तेव्हा मागणी नेमकी अशी असावी. राज्य सरकारने एकत्रित विकास नियमावलीत ‘वाडा रूपांतर’ हा परवानगीचा स्वतंत्र प्रकार आणावा. त्यात न वापरलेल्या बांधकामहक्काचा विकाऊ टीडीआर मिळावा, पार्किंगची सक्ती नसावी, स्वच्छतागृहे व लिफ्टचा गाळा एफएसआयमध्ये मोजू नये आणि रूपांतराचे मूल्य पाडून बांधण्याच्या मूल्याच्या बरोबरीला यावे. महापालिकेने पेठांतल्या सर्व राहत्या वाड्यांची संरचनात्मक तपासणी स्वतंत्र अभियंत्यांकडून करून घ्यावी. पाडण्याचा दाखला मालकाने किंवा विकसकाने नेमलेल्या सल्लागाराच्या एका अहवालावर मिळू नये. मुंबईत गृहनिर्माण संस्थांच्या स्वयंपुनर्विकासाला २०१९ च्या शासननिर्णयाने आणि जिल्हा सहकारी बँकेच्या कर्जांनी जो आधार दिला, तोच वाड्यातल्या मालक-भाडेकरूंच्या संस्थांना मिळावा. आणि लाकूड, चुना, मातीकाम जाणणारे कारागीर तयार करण्याची जबाबदारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी घ्यावी, कारण काँक्रीटच्या सवयीने लाकूड दुरुस्त केले की ते टिकत नाही.

हे सगळे केले तरी प्रत्येक वाडा वाचणार नाही. काही पडतील, काही पाडावे लागतील, काही मालकांना तेव्हाही विकूनच मोकळे व्हायचे असेल आणि तो त्यांचा हक्क आहे. प्रश्न निवडीचा आहे. आज मालकासमोर आणि भाडेकरूसमोर दोनच पर्याय आहेत : पडक्या वाड्यात कुजत राहणे किंवा तो जमीनदोस्त करणे. तिसरा पर्याय कागदावर आणायला नवे तंत्रज्ञान लागत नाही आणि तिजोरीवरही फार मोठा भार पडत नाही. नियमावलीत एक प्रकरण लिहावे लागते. ते लिहिण्याची मागणी वारसाप्रेमींनी रहिवाशांच्या बरोबरीने करावी. वाड्यात राहणाऱ्यांनीही विकसकाच्या करारावर सही करण्याआधी एकदा अभियंत्याला बोलावून, आपल्या वाड्यात किती सदनिका बसतात, हे मोजून घ्यावे.